लक्ष्मण पै यांची चित्रं कशी बघावीत?

गोव्यात लक्ष्मण पै हे नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं. पद्मभूषण मिळालं होतं, पॅरिसला राहून आले होते, पणजीच्या आर्ट कॉलेजचे प्रिन्सिपल होते, एवढं लोक पटकन सांगतात. त्यांच्या चित्रांबद्दल दोन वाक्यं बोला म्हटलं, की मात्र गप्प होतात. यात लोकांचा दोष मला वाटत नाही. शाळेत आपल्याला चित्र काढायला लावतात, बघायला कोणी शिकवत नाही. शिवाय पैंच्या कामाचा पसारा असा, की नुसतं चाळणाऱ्याला वाटावं ही चार-पाच वेगवेगळ्या माणसांची चित्रं आहेत. सुरुवातीला गोव्याचं लोकजीवन, मग राम, कृष्ण आणि बुद्ध, मग डोंगर आणि ऋतू, मग चक्क राग, आणि पुढे झाडाझुडपांतून उमटणारे स्त्री-पुरुषांचे चेहरे.

या सगळ्याला जोडणारा धागा एकच आहे, असं मी ठामपणे म्हणेन. तो म्हणजे लयीत चालणारी रेषा. विषय बदलत गेले, रंग लावायची पद्धत बदलली, पण पैंच्या चित्रातली रेषा पहिल्यापासून गाणाऱ्या माणसाची आहे. ही एक गोष्ट हाताशी धरली तर त्यांचं काम समजायला फारसं जड जात नाही.

पैंचा जन्म मडगावचा, २१ जानेवारी १९२६चा. त्याच वर्षी पोर्तुगालमध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि पुढे हुकूमशहा सालाझारची राजवट आली. म्हणजे त्यांचं बालपण आणि तरुणपण ज्या गोव्यात गेलं, तिथे सभा घ्यायची बंदी, छापायची बंदी, मोकळेपणाने बोलायची बंदी. रंगाशी त्यांची पहिली ओळख झाली ती मडगावात त्यांच्या मामांच्या मावझो फोटो स्टुडिओत. तेव्हा फोटो काळे-पांढरे असत आणि गिऱ्हाइकाला रंगीत हवा असेल तर तो हाताने रंगवून द्यावा लागे. हे काम दिसतं तितकं सोपं नाही. रंग इतका पातळ लावायचा, की खालची करडी छटा त्यातून दिसत राहिली पाहिजे. गालावर हलका गुलाबी, ओठांवर त्याहून किंचित गडद, साडीच्या काठाला हिरवा किंवा जांभळा. गालाचा रंग कानावर गेला किंवा काठाचा रंग हातावर उतरला, की फोटो फुकट. आकाराची कड कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे बोटांना आधी कळावं लागतं.

पैंच्या पुढच्या चित्रांतली कड मी जेव्हा बघतो, तेव्हा मला हा स्टुडिओ आठवतो. रंग आपल्या जागेत शांत बसलेला, आणि त्याला धरून ठेवणारी रेषा एकदाही न डगमगलेली.

१९४३ ते १९४७ ते मुंबईला सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. मधल्या काळात, १८ जून १९४६ला, डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात नागरी हक्कांसाठी सभा घेतली आणि गोव्याच्या लढ्याला नवं बळ आलं. पै तेव्हा वीस वर्षांचे. तेही सत्याग्रहात उतरले, पोर्तुगीज पोलिसांच्या हाती लागले, मार खाल्ला. या गोष्टीचा त्यांच्या चित्रांशी संबंध लावताना जरा जपून बोलायला हवं, कारण त्यांनी लढ्याची चित्रं काढून नाव कमावलं असं नाही. मला तो संबंध वेगळ्या जागी दिसतो. ज्या राज्यकर्त्यांनी तुमची भाषा, तुमचे सण, तुमचं गाणं दुय्यम ठरवलं, त्यांच्या राज्यात वाढलेला एक मुलगा चित्रकार होतो आणि आपल्याच मातीतली माणसं, आपल्याच परंपरेतली चित्रपद्धत हट्टाने उचलतो. ती निवड साधी नव्हती.

१९४७ साली त्यांना जेजेचं मेयो पदक मिळालं. जेजेत तेव्हा दोन वाटा होत्या. एक युरोपीय पद्धतीची: समोर माणूस बसवायचा, उजेड कुठून येतो ते बघायचं, सावली द्यायची, लांबचं लहान आणि जवळचं मोठं काढायचं. दुसरी भारतीय लघुचित्रांची आणि भित्तिचित्रांची. पैंनी आपल्यासाठी दुसरी वाट निवडली, आणि तिच्यात बाहेरचं जे पटलं ते मिसळत गेले.

लघुचित्राची पद्धत म्हणजे नेमकं काय? राजस्थानी किंवा जम्मूकडच्या बसोली शैलीचं एखादं चित्र डोळ्यांपुढे आणा. चेहरा बाजूने काढलेला, म्हणजे एकच डोळा दिसणारा. याला आपल्याकडे एकचष्मी चेहरा म्हणतात. डोळा मात्र मोठा, कानाकडे ओढलेला. जमीन लाल तर सगळी लाल, आकाश पिवळं तर सगळं पिवळं. सावली नाही. झाड पानापानाने मोजून घ्यावं असं. राधा कुंजात बसली आहे आणि त्याच चौकटीत, हातभर अंतरावर, तीच राधा वाटेने चाललीही आहे. डोळ्याला एका क्षणी जे दिसतं ते दाखवण्याची या चित्रकाराला घाई नसते. त्याला गोष्ट सांगायची असते, आणि गोष्ट सांगायला रेषा पुरते.

पैंनी सुरुवातीच्या चित्रांत गोव्याचं जगणं या पद्धतीने मांडलं. त्यात इजिप्तच्या प्राचीन चित्र-शिल्पांचाही प्रभाव जाणकारांना दिसला आहे. इजिप्तच्या भिंतींवरही चेहरा बाजूने असतो, डोळा समोरून असतो, खांदे समोरून असतात. शरीराचा प्रत्येक भाग जिथून सगळ्यात स्पष्ट दिसेल तिथून काढायचा, हा तिथला नियम. बसोली आणि इजिप्त यांच्यात हजारो मैल आणि हजारो वर्षं आहेत, तरी दोन्हीकडे माणूस बाह्यरेषेने उभा राहतो. पैंनी नेमकं हेच उचललं.

आता १९५१. पै पॅरिसला गेले आणि दहा वर्षं राहिले. तिथल्या एकोल द बोझार या नामवंत कलाशाळेत शिकले, भित्तिचित्राचं आणि एचिंगचं, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून चित्र छापायचं, तंत्र आत्मसात केलं. त्या काळी जगभरचा तरुण चित्रकार पॅरिसला जायचा तो नवं शिकायला. पैंच्या आधी चित्रकार एस. एच. रझाही तिथे पोचले होते. गंमत अशी, की पॅरिसने पैंना जास्तच भारतीय केलं. जयदेवाचं ‘गीतगोविंद’, रामायण आणि बुद्धाचं चरित्र या त्यांच्या गाजलेल्या मालिका पॅरिसच्या वर्षांतल्या आहेत. क्ले, मिरो, शगाल या आधुनिक युरोपीय चित्रकारांची चित्रं ते तिथे बघत होते आणि त्यांचे ठसेही पैंच्या कामात दिसतात. हवेत तरंगणारी माणसं, लहान मुलाने काढावीत तशी चिन्हं, पार्श्वभूमीचा उगाचच ठेवलेला वाटावा असा मोकळा तुकडा. पण या चित्रकारांकडून त्यांनी मुख्यतः धीर घेतला असं मला वाटतं. चित्राने डोळ्याला दिसतं तसं दिसलं पाहिजे ही सक्ती युरोपनेच सोडून दिली आहे, हे तिथे रोज दिसत होतं. मग बसोलीचा माणूस कशाला लाजेल?

‘गीतगोविंद’ इथे जरा थांबून बघण्यासारखं आहे. बाराव्या शतकातलं हे काव्य बारा सर्गांचं आहे आणि त्यात चोवीस अष्टपदी, म्हणजे गायची पदं, आहेत. प्रत्येक अष्टपदीवर ती कोणत्या रागात आणि कोणत्या तालात गायची, ते लिहिलेलं असतं. म्हणजे हे काव्य वाचायचं कमी आणि गायचं जास्त. चित्रकाराने अशा काव्यावर मालिका काढली, की त्याच्यापुढे दोन गोष्टी येतात: राधा-कृष्णाची कथा आणि त्या कथेखाली वाहणारं संगीत. कथा काढणं तुलनेने सोपं. संगीत कसं काढणार? पैंच्या रागमालिकेचं बीज मला इथे दिसतं. पुढे कालिदासाच्या ‘ऋतुसंहार’वरही त्यांनी मालिका केली. त्यातही कथा नाहीच, सहा ऋतू आणि त्यांचे भाव आहेत. कथेकडून भावाकडे हा प्रवास हळूहळू झालेला आहे, एका रात्रीत नव्हे.

१९६१ साली ते परतले. त्याच वर्षीच्या १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. १९६१, १९६३ आणि १९७२ असा तीनदा त्यांना ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यांची चित्रं दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत. पुरस्कारांची यादी आणखी लांब आहे, ती कुठेही सापडेल. आपण रागांकडे वळू, कारण माझ्या मते पैंचं सगळ्यात धाडसी काम ते आहे, आणि लोक सगळ्यात जास्त अडखळतात तेही तिथेच.

रागाचं चित्र काढायची आपल्याकडे जुनी परंपरा आहे, तिला रागमाला म्हणतात. तिची एक ठरलेली युक्ती होती: प्रत्येक रागाला माणसाचं रूप द्यायचं. तोडी म्हणजे वीणा घेतलेली स्त्री आणि तिच्या सुरांनी ओढली गेलेली हरणं. आसावरी म्हणजे सापांच्या सहवासात बसलेली स्त्री. मेघ म्हणजे ढगांखाली नाचणारा पुरुष. ही चित्रं अप्रतिम आहेत, पण त्यांत राग प्रत्यक्ष नसतो, रागाची ओळखचिठ्ठी असते. चित्रावरचं नाव झाकलं आणि संकेत माहीत नसला, तर वीणावाली स्त्री ही तोडीच कशावरून, हे सांगता येत नाही.

पैंनी साठच्या दशकात रागांवर मालिका केली ती दुसऱ्या दिशेने. त्यांना सूरच कागदावर आणि कॅनव्हासवर उतरवायचे होते. नायक-नायिकेच्या आधाराशिवाय, रेषा, रंग आणि रिकामी जागा एवढ्याच भांडवलावर.

हे शक्य तरी आहे का, असं कोणी विचारेल. त्यासाठी आधी राग म्हणजे काय ते बघावं लागतं. राग म्हणजे नुसती सुरांची यादी नव्हे. भूप आणि देशकार हे दोन राग घ्या. दोन्हींत सूर तेच: सा, रे, ग, प, ध. मध्यम (म) आणि निषाद (नि) दोन्हींत नाहीत. तरी ऐकणारा दोन मिनिटांत सांगतो, हा भूप आणि हा देशकार. कारण भूपात गंधारावर (ग) वजन आहे, देशकारात धैवतावर (ध). भूप खालच्या अंगाने रमतो, देशकार वरच्या अंगाने खेळतो. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, देशकार सकाळचा. सूर तेच, पण कोणावर थांबायचं, कोणाला नुसतं शिवून पुढे जायचं, हे ठरलं की सगळं वातावरण पालटतं.

हीच गोष्ट रंगांना लागू होते. निळा, पिवळा, तांबडा, करडा हे चार रंग दोन चित्रांत असू शकतात. एकात निळ्याने तीन हिस्से व्यापले आणि तांबडा ठिपक्याएवढा राहिला, तर मन एका जागी जातं. दुसऱ्यात तांबडा पसरला आणि निळा कडेला सरकला, तर भलत्याच जागी. चित्रकाराच्या हातात जे वजन आहे ते गवयाच्या हातातल्या वजनाहून फार वेगळं नाही.

दुसरी गोष्ट मींड. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर तुटक उडी न घेता घसरत जाणं म्हणजे मींड. हार्मोनियमवर ती काढता येत नाही, गळ्यातून, सतारीवर, बासरीवर येते. पैंची रेषा बघा, ती मींडेसारखी चालते. एका वळणातून दुसरं वळण निघतं, मधे खाच नाही, सांधा नाही. कपाळाची रेषा नाकात उतरते, नाकाची ओठात, ओठाची हनुवटीत, आणि हनुवटीची रेषा पुढे कदाचित फांदी होते किंवा लाट होते. हात कुठे उचलला गेला ते शोधावं लागतं. शास्त्रीय संगीत आयुष्यभर मनापासून ऐकणाऱ्या आणि गाण्याबजावण्यात रमणाऱ्या माणसाचा हा हात आहे.

फ्रान्सिस न्यूटन सोझांची रेषा शेजारी ठेवली, की हे आणखी स्पष्ट होतं. सोझा साळगावचे, १९२४चे, म्हणजे पैंपेक्षा दोनच वर्षांनी मोठे. दोघेही जेजेत शिकलेले, दोघेही गोव्याबाहेर पडलेले. सोझांची रेषा चिडलेली असते. जाड, काळी, आडव्या-उभ्या ओरखड्यांची. डोळे कपाळावर चढलेले, दात बाहेर, मानेत बाणासारखं काही रुतलेलं. चर्चचा दरारा, पाप, शरीर यांच्याशी ती रेषा भांडते. पैंची रेषा कोणाशी भांडत नाही, ती ऐकत ऐकत पुढे जाते. एकाच भूमीतून या दोन रेषा निघाल्या, म्हणून ‘गोव्याची चित्रकला’ असं एकच लेबल लावून मोकळं होऊ नये. अँजेलो दा फोन्सेकांनी साडी नेसलेली मारिया काढली, व्ही. एस. गायतोंडे यांनी चित्रातून आकारच जवळजवळ काढून टाकला. गायतोंडे आणि सोझा यांची नावं आज लिलावांच्या आकड्यांमुळे घरोघर पोचली. पैंच्या वाट्याला तसली बातमी कमी आली, आणि म्हणून त्यांच्याकडे बघणंही कमी झालं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि रागांवर चित्रं काढणारा माणूस गोव्यातून यावा यात आश्चर्य कसलं? केसरबाई केरकर फोंडा तालुक्यातल्या केरीच्या, मोगूबाई कुर्डीकर कुर्डीच्या, दीनानाथ मंगेशकर मंगेशीचे. देवळातली पालखी, भजनाचा सप्ताह, रात्र रात्र चालणारी नाटकं आणि त्यांतली पदं, यांतून इथल्या माणसाचा कान तयार होत आला आहे. घुमट या मातीच्या तालवाद्याचा ठेका लहानपणापासून कानावर पडतो. ‘पैंच्या चित्रांत गोवा कुठे आहे? समुद्र नाही, चर्च नाही, माड नाहीत’ अशी तक्रार पुष्कळदा कानावर येते. पर्यटनाच्या पोस्टरवरचा गोवा शोधायला गेलं तर तो खरंच फारसा सापडणार नाही. कानाने ओळखायचा गोवा मात्र तिथे आहे, आणि आपण मराठी-कोकणी बोलणाऱ्यांनी तो ओळखायला हवा.

पुढचा टप्पा पुरुष-प्रकृतीचा. या शब्दांनी घाबरायचं कारण नाही. सांख्य दर्शनात पुरुष म्हणजे बघणारा, साक्षी, स्वतः काही न करणारा. प्रकृती म्हणजे जी घडते, बदलते, फुलते, कोमेजते ती. या दोघांच्या जवळ येण्यातून जग उभं राहतं, असं ते दर्शन सांगतं. पैंनी याला अगदी दिसेल असं रूप दिलं. स्त्री आणि पुरुषाचे चेहरे निसर्गातूनच तयार होतात. डोंगराची उतरण गाल होते, पानांचा झुबका केस होतो, देठ मान होते. कधी आधी चेहरा दिसतो आणि मग झाड, कधी उलटं. इथेही काम तीच सलग रेषा करते. माणूस आणि झाड यांच्यामध्ये कुंपण घालायचं असतं तर रेषा तोडावी लागली असती. ती तोडलेली नाही, एवढ्यानेच सगळं तत्त्वज्ञान सांगून झालं. अशी चित्रं बघताना आधी मथळा वाचू नये, असं मी सुचवेन. बोट हवेत धरून एक रेषा टोकापासून टोकापर्यंत नुसती गिरवत जावी. ती कुठे चेहरा सोडते आणि कुठे पान होते, ते बोटालाच कळतं.

रंग लावायची त्यांची पद्धत मात्र एकसारखी राहिली नाही. सुरुवातीचे सपाट, स्वच्छ रंग पुढे खडबडीत होत गेले, साठच्या दशकातल्या निसर्गचित्रांत पृष्ठभागालाच पोत आला, आणि नंतर पुन्हा आकार सुटसुटीत, रंग उजळ झाले. मोबाइलवर चित्र बघणाऱ्याला हा फरक कळत नाही. पडद्यावर सगळं सारखंच गुळगुळीत दिसतं. मूळ चित्रापुढे कधी उभं राहायला मिळालं, तर थोडं बाजूला सरकून तिरकं बघावं, म्हणजे रंगाचे उंचवटे दिसतात.

१९७७ ते १९८७ ही दहा वर्षं पै पणजीतल्या आल्तिनो टेकडीवरच्या गोवा कला महाविद्यालयाचे प्रिन्सिपल होते. १९८५ला पद्मश्री मिळाली ती याच काळात. मुक्तीपूर्वीच्या गोव्यात चित्रकार व्हायचं म्हणजे मुंबई गाठायची, हाच रिवाज होता. आधीच्या पिढीतले चित्रकार ट्रिंदाद गेले, सोझा गेले, पै स्वतः गेले. ज्याने बाहेर जाऊन सगळं बघितलं असा माणूस घरी येऊन इथल्याच मुलांना शिकवायला बसतो, याचं मोल मला पुरस्कारांहून मोठं वाटतं. आल्तिनोवर त्या दशकात शिकलेल्यांना पॅरिसची कलाशाळा आणि बसोलीचं लघुचित्र या दोन्ही गोष्टी एकाच माणसाकडून ऐकायला मिळाल्या.

२०१८ साली त्यांना पद्मभूषण जाहीर झालं, तेव्हा ते ब्याण्णव वर्षांचे होते. १४ मार्च २०२१ला, पंचाण्णव वर्षांचे असताना, दोनापावलच्या राहत्या घरी ते गेले.

पैंचं काम पहिल्यांदा बघणाऱ्याने सुटं चित्र बघण्यापेक्षा एखादी मालिका सलग बघावी. ते मालिकेत विचार करणारे चित्रकार होते, एकट्या चित्रात अर्धंच वाक्य सापडतं. सुरुवात ‘गीतगोविंद’पासून करावी, कारण तिथे कथेचा आधार असतो आणि राधा कोण, कृष्ण कोण हे आपल्याला घरातूनच माहीत असतं. मग राग. रागाचं चित्र समोर घेण्याआधी तो राग निदान अर्धा तास ऐकावा, शक्यतो विलंबित म्हणजे संथ लयीतला आलाप, केसरबाईंचा किंवा किशोरीताई आमोणकरांचा मिळाला तर फारच उत्तम. चित्रात त्या रागाची खूण शोधत बसू नये. सूर कानात असताना डोळा आपोआप कुठे थांबतो आणि कुठून घसरून पुढे जातो, एवढंच बघावं. पुरुष-प्रकृतीची चित्रं त्यानंतर.